अनाथ आणि विधवा: ही जोडी कुणी फोडली?

ख्रिस्ती मिशनच्या बालगृहांमधल्या प्रवेश रजिस्टरची पानं बहुतेक सारखीच दिसतात. मुलाचं नाव, जन्मतारीख, गाव, तालुका आणि मग दोन रकाने: वडील, आई. वडिलांच्या रकान्यात 'मयत', नाहीतर 'सोडून गेले', नाहीतर 'व्यसनी'. आईच्या रकान्यात 'हयात, मजुरी'. शेवटी प्रवेशाचं कारण: 'घरची परिस्थिती हलाखीची'. पान उलटलं की पुन्हा तेच. फाटकावरची पाटी मात्र 'अनाथ' म्हणते, देणगीचं पत्रकही तेच म्हणतं. आई जिवंत असलेल्या पोराला अनाथ म्हणायची सवय आपल्याला इतकी जडली आहे की त्यात काही खटकेनासं झालं आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या बालसंस्थांची मोजदाद करून घेतली, तिचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला. संस्था साडेनऊ हजारांवर निघाल्या. त्यांतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश एकाच पालकाची होती. आईबाप दोन्ही गेलेली मुलं त्याहून कितीतरी कमी. म्हणजे रजिस्टरातलं चित्र चार-दोन संस्थांपुरतं नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती बालसेवेने आपला पैसा, माणसं आणि प्रार्थना आधी आईच्या उंबऱ्यापर्यंत न्यावीत. बालगृह हा शेवटचा उपाय असावा, आणि तिथे आलेल्या प्रत्येक मुलाच्या परतीची तयारी पहिल्या दिवसापासून सुरू व्हावी. कायदा हेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा अखेरचा पर्याय, अशी दोन्ही तत्त्वं आहेत. कलम ४० तर मुलाचं पुनर्स्थापन, म्हणजे त्याला पुन्हा कुटुंबात पोचवणं, हेच बालगृहाचं प्रमुख उद्दिष्ट असल्याचं म्हणतं. पण कायद्याची भाषा जरा बाजूला ठेवू, कारण मिशनची माणसं कायद्याआधी पवित्र शास्त्र उघडतात.

तिथे या सेवेचं घोषवाक्य बनलेलं वचन आहे याकोबाच्या पत्रातलं, १:२७. शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. (आजच्या मराठीत 'समाचार घेणे' म्हणजे खरडपट्टी काढणं, आणि काही संस्था विधवेच्या बाबतीत तोच अर्थ पाळताना दिसतात: एवढी पोरं कशाला, नवऱ्याला आवरता आलं नाही का, वगैरे.) या वचनात दोन माणसं आहेत, आणि ती बहुधा एकाच घरातली आहेत. जुन्या करारात ज्याला आपण अनाथ म्हणतो त्याचा मूळ हिब्रू शब्द 'यातोम', म्हणजे बाप नसलेलं मूल. निर्गम २२:२४ मधला इशारा पाहा: तुमच्या बायका विधवा होतील आणि तुमची मुलं पोरकी. आई आहेच की! ईयोब २४:९ तर अंगावर काटा आणतो. तिथे दुष्टांच्या यादीत पोरक्या लेकराला स्तनावरून ओढून नेणारे आहेत. ज्याला अंगावर पाजणारी आई आहे, त्यालाच शास्त्र पोरका म्हणतं, आणि त्याला तिच्यापासून तोडणं हे पाप मानतं. आपण मात्र जोडी फोडली. लेकरासाठी इमारत बांधली आणि विधवेच्या हाती एक अर्ज देऊन तिला एसटीत बसवून दिलं.

हे मुद्दाम झालं असं नाही. इतिहास पाहिला तर कारण दिसतं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या मुली-बायका केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. ज्यांची गावंच्या गावं उठली होती, त्यांना परत पाठवायचं कुठे? तिथे आसरा हेच उत्तर होतं. आणि रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि पोरकी मुलं एकाच आवारात होती. बायकांच्या हाताला छापखाना, विणकाम, शेती अशी कामं होती. जोडी तिथे शाबूत होती. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशननेही दुष्काळातल्या मुलांसाठी आसरे आणि उद्योगशाळा काढल्या. पुढे दुष्काळ ओसरला, इमारती उरल्या. आणि इमारतीला मुलं लागतात.

ब्रिटनमधला धडा याहून कडू आहे. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर १८३६ पासून अनाथगृहं चालवत होते, आणि त्यांची प्रवेशाची अट कडक होती: आई आणि बाप दोघेही मेलेले असले पाहिजेत. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना ते घेत नसत, तो त्या काळाचा कोतेपणा. पण 'अनाथ' या शब्दाशी त्यांनी खेळ केला नाही. नंतरच्या संस्थांनी केला. १८६९ पासून पुढची सत्तरेक वर्षं ब्रिटनमधल्या धर्मादाय आणि चर्चच्या संस्थांनी एक लाखाच्या आसपास मुलं कॅनडाला पाठवली. ऑस्ट्रेलियाला पाठवणं तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होतं. त्यांतल्या कित्येकांची आई जिवंत होती. मुलांना मात्र 'तुला कुणी नाही' असं सांगितलं गेलं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आणि २०१० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. हे करणारे लोक खलनायक नव्हते. ते प्रार्थना करणारे, पदरमोड करणारे लोक होते. म्हणूनच हा दाखला आपल्या कामाचा.

आता आजचा महाराष्ट्र. मूल बालगृहात येतं त्याची कारणं हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाप गेला आणि आईला सासरी थारा नाही. बाप दारू पितो आणि मारतो. आईने दुसरं लग्न केलं, नव्या घरात पहिल्या घरचं पोर नको. आई क्षयाने किंवा मनाच्या आजाराने खाटेला खिळलेली. आणि एक मोठा गट असा, ज्याच्या घरात मृत्यू नाही की मारहाण नाही: फक्त शाळा हवी. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडचे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. मागे पोरं ठेवायची कुणाकडे? मिशनचं बोर्डिंग हा जुना, ओळखीचा, बिनखर्चाचा मार्ग. पण या मुलाला सहा महिन्यांची सोय हवी असते आणि आपण देतो बारा वर्षांची. गावातच हंगामी वसतिगृह नीट चालवलं, किंवा मागे राहणाऱ्या आजीला धान्य आणि शाळेपर्यंतचा प्रवासखर्च दिला, तर त्या मुलाचा बालगृहाशी संबंधच येत नाही. प्रत्येक कारणाचं औषध वेगळं आहे. आपण सगळ्यांना एकच गोळी देतो, आणि तिचं नाव प्रवेश.

'शिक्षणासाठी आलेलं मूल, हे बालगृह नव्हेच' असं म्हणून काही बोर्डिंगं कायद्याच्या नोंदणीतून सुटू पाहतात. पाटीवर काय लिहिलंय याला अर्थ नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल तिथे राहत असेल तर कलम ४१ खाली नोंदणी लागते. नाही केली तर कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. असं मूल आलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. 'पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून ठेवून घेतलं' हे आता चालत नाही, आणि चालू नयेच.

आईला हात द्यायला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत हमखास येतो. सरकारी योजनाच पाहा. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतल्या प्रायोजकत्वात मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात; कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, जिच्या नावात आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आहेत, दरमहा २,२५० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत आईला १,५०० रुपये. एकाच मुलाला सगळं एकत्र मिळत नाही, पण काही ना काही मिळू शकतं. मग मिळत का नाही? कागदांमुळे.

हा कागदांचा भाग कंटाळवाणा आहे आणि सेवा नेमकी इथेच अडते. नवरा पुण्याला गवंडीकामावर असताना अपघातात गेला, नोंद तिथल्या महापालिकेत. विधवा राहते परांड्याला. मृत्यूचा दाखला आणायला दोन दिवसांची मजुरी बुडते, म्हणून ती जातच नाही. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शिधापत्रिकेत तिचं आणि पोरांचं नाव अजून सासऱ्याच्या कार्डावर, आणि सासरा नाव कमी करू देत नाही. नवरा मेला नसून पळून गेला असेल तर पंचाईत मोठी: मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोटाचा निकाल नाही, परित्यक्ता असल्याचा पुरावा तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्याकडून जमवायचा. मुलाचं आधार बापाच्या आडनावावर, शाळेच्या दाखल्यात स्पेलिंग निराळं, बँक खातं बंद पडलेलं. सगळं जुळून आलं तरी हप्ते नियमित येतीलच असं नाही. चार-सहा महिन्यांचे एकदम जमा होण्याचे प्रकार नवीन नाहीत. तेवढ्या काळात वाण्याची उधारी वाढते आणि आई पुन्हा बोर्डिंगच्या फाटकाशी उभी राहते.

इथे मिशनने काय करावं हे अगदी ठरवून सांगता येतं. एक समाजकार्यकर्ती, तिला २५ कुटुंबं. उदाहरणादाखल हिशेब धरू: पगार २५,००० रुपये, एसटी-रिक्षा आणि कागदपत्रांचा खर्च ५,०००. म्हणजे कुटुंबामागे महिन्याला १,२००. सरकारी हप्ता येईपर्यंत धान्य, वह्या, औषध यांसाठी कुटुंबाला २,००० रुपये पूल म्हणून. एकूण ३,२००. आता ५० मुलांच्या बालगृहाचा खर्च मांडा: स्वयंपाकी, पहारेकरी, काळजीवाहक, वीज, गॅस, गळकं छप्पर. बाल न्याय कायद्याच्या आदर्श नियमांत अशा गृहाला सुमारे दोन डझन पदं सुचवली आहेत, आणि त्यांत घरोघर फिरणारी माणसं मोजकी. मुलामागचा खरा खर्च काढायला गेलं तर तो सरकारी अनुदानात कधीच बसत नाही, हे कुठलाही अधीक्षक खासगीत सांगेल. मग कमी खर्चाचा मार्ग का घेत नाही? कारण अनुदान खाटेवर मिळतं. मूल घरी गेलं की खाट रिकामी, खाट रिकामी की अनुदान कमी. घरी गेलेल्या मुलाचा पाठपुरावा दोन वर्षं करायचा तर तो कुणाच्या पैशाने? सरकारनेही हे गणित उलटं मांडून ठेवलं आहे, आणि त्याबद्दल संस्थांनी मंत्रालयाशी भांडायला हवं.

परदेशी देणगीचं तसंच. परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर आला आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणं बंद झालं. हिशेबनीस समाजकार्यकर्तीचा पगार आणि गृहभेटींचं भाडं डोळे झाकून 'प्रशासकीय' रकान्यात टाकतो, मग मर्यादा ओलांडायला लागते आणि पहिली कात्री त्यालाच लागते. गाद्या मात्र 'कार्यक्रम' म्हणून सुखरूप राहतात. कुटुंबभेट हाच ज्या संस्थेचा कार्यक्रम आहे, तिने तो प्रकल्पात तसा लिहून, मंजूर करून, वेगळ्या खात्यात दाखवायला हवा. लेखापरीक्षकाशी बसून अर्ध्या दिवसात होणारं काम आहे.

घरी पाठवणं म्हणजे मुलाला पिशवी देऊन गाडीत बसवणं नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना सांगितलं की संस्थांमधली मुलं १०० दिवसांत घरी पोचवा. कोविडचा तो काळ. लोकांच्या हाताला काम नव्हतं, शाळा बंद होत्या. दिशा बरोबर होती, घाई भयंकर होती. पुनर्स्थापनाचा विषय काढला की आजही अनेक संस्थाचालकांना तो आदेश आठवतो आणि ते दार लावून घेतात. त्यांचा राग रास्त आहे. पण आदेश चुकला म्हणून काम चुकीचं ठरत नाही.

काम असं चालतं. सुरुवात फाइलीपासून: मूल नेमकं का आलं, कुणी आणलं, आईला पुढे कुणी कधी भेटलं का. सामाजिक तपासणी अहवालात पाच वर्षांपूर्वीचं 'परिस्थिती हलाखीची' हे वाक्य दर वर्षी उतरवलेलं दिसलं, तर समजावं की त्या घरी कुणी गेलंच नाही. मग गावची भेट. ही भेट सकाळी अकराला काढायची नाही. तेव्हा घरात कुणी नसतं आणि असलं तरी खरं दिसत नाही. संध्याकाळी सहानंतर जायचं. चूल पेटलीय का, कोण पिऊन येतं, कोण कुठे झोपतं, शौचालय आहे का आणि त्याला आतून कडी आहे का, शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंतचे तीन तास मुलगी कुणाच्या नजरेखाली असेल. सावत्र बाप असेल तर त्याच्याशी वेगळं बोलायचं, आणि मुलीशीही वेगळं. अंगणवाडी सेविका आणि आशाताई या दोघींना घरातलं जे ठाऊक असतं ते सरपंचाला नसतं.

घर सावरण्यासारखं आहे असं दिसलं की भेटी सुरू: आधी आठवड्याला फोन, मग आईने येऊन अर्धा दिवस मुलाबरोबर घालवणं, मग घरी एक रात्र, मग दिवाळीचे चार दिवस. प्रत्येक मुक्कामानंतर मुलाला विचारायचं. उत्तर शब्दांत मिळालं नाही तर अंथरूण ओलं होणं, जेवण कमी होणं यांतून मिळतं. या काळातच घरातली एखादी ठोस अडचण सोडवायची. कधी ती शौचालयाचं दार असते, कधी चार पत्रे, कधी शिलाई मशीन. मग वैयक्तिक काळजी आराखडा पुरा करून बालकल्याण समितीचा पुनर्स्थापनाचा आदेश. आदेशानंतर पहिल्या आठवड्यात फोन, पंधरा दिवसांनी भेट, सहा महिने दरमहा, पुढे दोन वर्षांपर्यंत तिमाही. यातली शेवटची पायरी गाळली जाते, आणि मोडतं तिथेच.

मोडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. सर्वांत नेहमीची म्हणजे शाळा. मूल मेमध्ये घरी गेलं, जूनमध्ये प्रवेश नाही, कारण जुन्या शाळेने दाखला दिला पण शाळांच्या ऑनलाइन प्रणालीवर विद्यार्थ्याचं नाव सोडलंच नाही. नव्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, ऑनलाइन येऊ द्या. ऑगस्ट उजाडतो, पोर गुरं राखायला लागलेलं असतं. दुसरी जागा माध्यमाची. बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेत सातवीत असलेली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतला इतिहास वाचू शकत नाही आणि वर्गाच्या हसण्याचा विषय होते. तिसरी, सवयींची. घंटेवर उठणाऱ्या, पंख्याखाली झोपणाऱ्या, रविवारी मटण खाणाऱ्या पोराला एका खोलीतलं घर 'गरीब' वाटतं, आणि ते तसं आईच्या तोंडावर बोलून दाखवतं. आईला ते जिव्हारी लागतं. हे आधी दोघांना सांगून ठेवलं तर निभावतं.

चौथी जागा मुलींची, आणि ती गंभीर आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी मार्च-एप्रिलमध्ये घरी पाठवली तर काही गावांत मेमध्ये तिचा मुहूर्त ठरतो. म्हणून या वयाच्या मुलीच्या पुनर्स्थापनाआधी अकरावी-बारावीचा किंवा आयटीआयचा प्रवेश हातात हवा, ग्राम बालसंरक्षण समितीला लेखी कळवायला हवं, आणि लग्नसराईत भेटी वाढवायला हव्यात. पाचवी: भावाला घरी नेलं, बहिणीला 'राहू दे तिकडेच'. सख्खी भावंडं एकत्रच गेली पाहिजेत. नाही तर कारण समितीपुढे लेखी हवं.

आणि काही मुलं घरी जाऊच नयेत. घरातल्याच माणसाने अत्याचार केलेली मुलगी, जिचं कुणी सापडतच नाही असं बाळ, ज्याला रोज उपचार लागतात आणि घर ते झेपवू शकत नाही असं मूल. मुलांना घरातच ठेवा म्हणणारे उत्साही लोक हे विसरतात, आणि त्यांच्यामुळे एकेका मुलीचं वाटोळं होतं. पण या मुलांनाही मोठा हॉल आणि पन्नास खाटा हे उत्तर नाही. रुमानियात बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांमधल्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. निम्मी सोडत काढून पालक कुटुंबांत दिली, निम्मी संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, जिव्हाळा यांत सरस प्रगती दिसली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. लहान बाळाला खाट नव्हे, मांडी लागते.

इथे मंडळी, म्हणजे स्थानिक चर्चची सभासद कुटुंबं, आत येते. प्रतिपालनाची, म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल सांभाळण्याची, तरतूद बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे आणि ती जवळजवळ वापराविना पडून आहे. ख्रिस्ती कुटुंबांना या देशात फार काळ पूर्ण दत्तकाचा कायदाच नव्हता; १८९० च्या पालकत्व कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळे, आणि बाल न्याय कायद्याने ते दार उघडलं. म्हणून कदाचित आपल्याकडे मूल घरात घेण्यापेक्षा मिशनला सोपवण्याची रीत पडली. दोनशे घरांच्या मंडळीतून तीन घरं प्रतिपालनाला तयार झाली आणि बाकीच्यांनी त्यांना आळीपाळीने हात दिला, तर त्या तालुक्यातल्या तीन मुलांना खाट लागणार नाही. पाळकाने वर्षातून एका रविवारी यावर उपदेश करावा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या माणसाला त्याच सभेत माहिती द्यायला बोलवावं. मूल हिंदू, बौद्ध, मुसलमान घरचं असेल तर त्याचा धर्म आणि नाव तेच राहील, हे मात्र आधीच स्पष्ट हवं.

कारण धर्मांतराचा संशय या सेवेवर कायम असतो, आणि तो केवळ विरोधकांच्या डोक्यातून आलेला नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू होती, पालकांचीही होती. यावर सव्वाशे वर्षं खुलासे छापले गेले. पण त्या सगळ्यांपेक्षा बोलका खुलासा म्हणजे आपल्या आईकडे, आपल्या नावानिशी, आपल्या धर्मानिशी परत गेलेलं मूल. जी संस्था मुलं परत पाठवते तिच्यावर मुलं पळवल्याचा आरोप टिकत नाही. साक्ष द्यायचीच असेल तर त्या आईच्या शेजाऱ्यांपुढे याहून मोठी कोणती असेल?

देणगीदारांबद्दल जरा तिखट बोलावं लागेल. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात शहराजवळच्या बालगृहात रोज कुणीतरी केक घेऊन येतं. मुलं तीच तीन गाणी म्हणतात, रांगेत उभं राहून 'थँक्यू अंकल, थँक्यू आंटी' करतात, फोटो निघतात. वर्षभर वाढदिवसांची जेवणं: मसालेभात, जिलबी, पुन्हा फोटो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. तरी चेहरे, नावं, 'हिचे वडील दारूने वारले' अशा ओळी प्रचारपत्रकात छापून जातात. ही मुलगी उद्या पंचविशीत नोकरीला लागेल तेव्हाही ती ओळ कुठेतरी असेल. ज्यांना खरंच द्यायचं आहे त्यांनी केकचे पैसे एखाद्या आईच्या सहा महिन्यांच्या घरभाड्याला द्यावेत. त्याचा फोटो निघत नाही, ही अडचण आहे खरी.

'मग मोठमोठ्या इमारतींचं काय करायचं?' असंही विचारलं जातं. काही इमारतींचं उत्तर त्यांच्या भिंतींमध्येच आहे: दिवसाचं पाळणाघर आणि अभ्यासिका, आई कामावरून येईपर्यंत पोरं सुरक्षित. मारहाणीतून सुटून आलेल्या आईला पोरांसकट तीन महिने राहता येईल अशा चार खोल्या. अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी स्वतः स्वयंपाक करायचा, भाडं थोडं भरायचं असं वसतिगृह. आणि उरलेल्या जागेत आठ-दहा मुलांची दोन छोटी घरं, ज्यांना खरोखर कुठे जायला नाही त्यांच्यासाठी. केडगावची जुनी रचना याच्या जवळची होती.

पहिलं पाऊल फार लहान आहे. पुढच्या वार्षिक अहवालात 'लाभार्थी मुले' या ओळीखाली आणखी तीन ओळी घाला: या वर्षी किती मुलं घरी गेली, गेल्या वर्षी गेलेल्यांपैकी किती अजून घरी आणि शाळेत आहेत, किती आया पोरं ठेवायला आल्या आणि मदत घेऊन पोरांसकट परत गेल्या. तिसऱ्या ओळीसाठी फाटकाशेजारी एक वेगळी वही लागेल. तिच्यात 'प्रवेशाचं कारण' हा रकाना नसेल. त्या जागी असेल 'काय मिळालं असतं तर मूल ठेवावं लागलं नसतं', आणि तो आईने सांगितलेल्या शब्दांत भरायचा.